शेऱ्याचा रकाना

बांधावरून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. शेतीचं शास्त्र कुणाच्या नजरेतून लिहिलं गेलं, हा त्यांचा विषय. त्यातली पाच निवडली आहेत. पत्रं मोठी होती, इथं मथितार्थ तेवढा दिला आहे.

प्रश्न : काका, मी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात वाद झाला. सर म्हणाले, विज्ञान तटस्थ असतं, मूल्यं माणसांकडं असतात, युरियाला काही नीतिमत्ता नसते. मला पटलं, पण पुरतं पटलं नाही. कुठं अडतंय तेही सांगता येईना. तुम्ही उभी नोकरी संशोधन केंद्रात केलीत. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : युरियाला नीतिमत्ता नसते, हे तुझ्या सरांचं म्हणणं खरं आहे. पण एकरी किती युरिया टाकायचा हे ज्या प्रयोगातून ठरतं, त्या प्रयोगाची एक वही असते आणि त्या वहीला रकाने आखलेले असतात. तुझं अडतंय ते तिथं. माझ्याच वहीतली गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. जिल्ह्याच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात, भाताच्या जातींची चाचणी होती. बारा जाती, प्रत्येकीचे तीन वाफे, कुठल्या वाफ्यात कुठली जात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या केंद्रात १९२० च्या दशकात बसवली, तू ती शिकली असशील. पद्धत फार देखणी आहे. जमिनीच्या चढ-उताराचा, ओलीचा, कसाचा फरक बाजूला काढून जातीजातींमधला खरा फरक तेवढा समोर ठेवते. माझ्या वहीत रकाने होते : फुटव्यांची संख्या, लोंबीची लांबी, हजार दाण्यांचं वजन, हेक्टरी उत्पादन. आणि पानाच्या उजव्या कडेला, जेमतेम दोन बोटं रुंद, ‘शेरा’.

कापणीला रोजगारावर आलेल्या बायकांत एक वयस्क मावशी होत्या. झोडपणी झाली, दाणे तागडीत पडत होते, मी आकडे लिहीत होतो. त्यांनी झोडपलेल्या दोन पेंढ्या उचलल्या आणि अंगाजवळ उभ्या धरल्या. एक त्यांच्या छातीला लागत होती, दुसरी कमरेच्याही खाली राहिली. म्हणाल्या, “सायेब, दाणं मोजून घेतलासा. पिंजर कोण मोजायचं?” पिंजर म्हणजे भाताचं काड. मी म्हणालो, पिंजराचं काही काम नाही आपल्याला. त्या म्हणाल्या, “तुमास्नी नसंल. म्हस काय दाणं खाती?” आणि पेंढ्या खाली ठेवून कामाला लागल्या. त्या पानावरचा शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.

पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्या भोगावतीकाठच्या शेतात दहा-दहा गुंठ्यांत दोन्ही प्रकार लावून मी पिंजर तोललं. उंच गावरान भात अडीच क्विंटल आणि पिंजर पाच क्विंटल. सुधारित बुटका भात साडेचार क्विंटल आणि पिंजरही साडेचारच. दाण्याच्या हिशेबात सुधारित जात जवळजवळ दुप्पट चालली. आता ज्या घरात दोन म्हशी आहेत, दुधाच्या बिलावर महिना चालतो आणि भात विकायला न नेता घरीच खाल्ला जातो, त्या घराचा हिशेब मांड. पिंजर कमी पडलं की फेब्रुवारीनंतर वैरण विकत घ्यावी लागते. त्या मावशी तोच हिशेब मांडत होत्या, आणि तो हेक्टरी उत्पादनापेक्षा कमी शास्त्रीय नव्हता.

बुटक्या जाती काही कुणी म्हशींच्या वाईटावर काढल्या नव्हत्या. उंच भाताला नत्र, म्हणजे नायट्रोजन, वाढवून दिलं की ते लोळतं आणि दाणा मातीत जातो. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली आयआर-८ ही बुटकी जात दिली. ती नत्र पचवून उभी राहिली आणि झाडाची ताकद काडीऐवजी दाण्यात गेली. पिकाच्या एकूण वजनात दाण्याचा वाटा किती, याला तुम्ही हार्वेस्ट इंडेक्स म्हणता. जुन्या जातींत तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असायचा, बुटक्यांत निम्म्यावर गेला. शास्त्रज्ञांना याचा अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. मी त्या काळात शाळकरी होतो. रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन वाढलेली आमची पिढी आहे. अमेरिकेहून गव्हाची जहाजं येत होती, पुढं १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या माणसांना सुकडी वाटली गेली. उपाशी माणसाला आधी दाणा द्यायचा, हे त्या वेळच्या शास्त्रामागचं मूल्य होतं. मी त्याला हात जोडतो. पण ते मूल्य होतं, हे आपण विसरलो. वर्षानुवर्षं ‘हेक्टरी किलो’ लिहीत गेलो आणि तो एक निवड करून आखलेला रकाना आहे हेच मनातून गेलं. तो निसर्गानंच आखून दिलाय असं वाटायला लागलं.

रकाना वाढवता येतो, याचंही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढली. तिथं कुणीतरी उत्पादनाच्या जोडीला वासही धरला. मराठी माणूस भात शिजताना वास घेतो, ही गोष्ट त्यांनी शास्त्रात बसवली. लोकांनी इंद्रायणी किती आपलीशी केली हे तुला कुठल्याही किराणा दुकानात दिसेल. वास मोजण्यालायक आहे हे आधी कुणाला तरी वाटावं लागलं, मग तो निवडीच्या वेळी तपासला गेला.

आणखी एक सांगतो, कारण तू शिकते आहेस आणि तुझी भाषा अजून घडते आहे. तुझ्या पुस्तकात ‘इनपुट’ला ‘निविष्ठा’ म्हटलेलं असेल. बी, खत, औषध, पाणी, मजूर, सगळ्या निविष्ठा. एका बाजूनं निविष्ठा आत घालायच्या, दुसऱ्या बाजूनं उत्पादन बाहेर. या चित्रात जमीन म्हणजे मधली पेटी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी १८४० साली मांडलं की वनस्पतीला खनिज द्रव्यं लागतात आणि पिकानं नेलेली द्रव्यं जमिनीला परत द्यावी लागतात. ते खरं होतं आणि फार मोठं होतं. पण पुढं त्यातून जमिनीची खातेवही झाली. इतकं नत्र गेलं, इतकं भरा.

आता आपल्याकडचे दोन शब्द घे. वाफसा आणि बिवड.

वाफसा बघायला माझे वडील सरीत बसायचे, चार बोटं खोल माती उकरून मूठ वळायचे आणि मूठ उघडून अंगठ्यानं तो लाडू हलकेच दाबायचे. पाण्यानं चिकटून राहिला तर अजून थांबा. वळलाच नाही तर उशीर झाला. वळला आणि दाबल्यावर भुसभुशीत फुटला की वाफसा आला, आता कुळव घाला. त्या एका शब्दात मातीतलं पाणी, मातीतली हवा, मुळाचा श्वास आणि औताची वेळ एकत्र आहे. मी प्रयोगशाळेत जमिनीतली ओल टक्क्यांत काढायचो. त्या टक्क्यावरून मला ओल कळायची, औत घालायचा दिवस कळायचा नाही.

बिवड म्हणजे आधीचं पीक जमिनीत मागं काय ठेवून गेलं ते. ‘भुईमुगाचा बिवड चांगला’ असं म्हणताना आपण नत्राचं बोलतोच, शिवाय मुळांनी मोकळी केलेली माती, पडलेला पाला, मोडलेली रोगाची साखळी, सगळंच बोलतो. माती परीक्षणाच्या कागदावर जमिनीचा आजचा आकडा येतो. बिवडात जमिनीची मागची गोष्ट येते. हे दोन शब्द पुस्तकात शब्दसूचीत येतात, पण त्यांच्यावरून प्रयोगाचे रकाने आखलेले मी फार कमी पाहिले. ते आखण्यासारखे आहेत. तुझ्या पिढीनं आखावेत.

तर बाळ, सरांशी भांडू नकोस. त्यांना इतकंच विचार : सर, मोजमाप तटस्थ आहे हे मान्य, पण काय मोजायचं हे कोण ठरवतं? चौथ्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवाला गावात राहायला जाशील, तेव्हा छापील फॉर्म भरण्याआधी घरातल्या बाईला विचार की सुगी झाल्यावर तुम्ही काय काय मोजता. ती जे सांगेल ते वेगळ्या कागदावर लिही. मग फॉर्म भर.

प्रश्न : आमची तीन एकर काळी जमीन. आजोबा शाळू-हरभरा करायचे. वडिलांच्या वेळी पाणी आलं आणि ऊस झाला. सांगतील तसं खत घातलं, सांगतील तसं पाणी दिलं. आज दीड एकरावर पांढरं फुटलंय, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. शास्त्राप्रमाणं वागून जमीन गेली तर दोष कुणाचा? आता करू काय?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, आधी करायचं काय ते सांगतो, दोषाचं नंतर.

जमीन खारवट आहे की चोपण, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. दोन्ही वरून सारख्याच दिसतात, उपाय वेगळे आहेत. मातीचा नमुना देताना सामू (पीएच), क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम या तीनही गोष्टी तपासायला सांगा, नुसतं नत्र-स्फुरद-पालाश नको. सामू साडेआठच्या आत आणि क्षार जास्त असतील तर जमीन खारवट. तिला जिप्समची गरज नाही, क्षार धुऊन बाहेर जायला वाट पाहिजे. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. तिला जिप्सम, शेणखत, धैंचा किंवा ताग गाडणं आणि मग निचरा. निचरा दोन्हीत आहेच. चर काढा किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाईप घाला. तुमच्या तालुक्यात पाईप घालून पुन्हा पिकायला लागलेली रानं आहेत, ती जाऊन बघा. पण एकट्यानं करू नका. तुमच्या रानातलं पाणी शेवटी कुणाच्या तरी बांधाला जाणार आणि वरच्याचं तुमच्यात येणार. ओढ्यापर्यंतची सगळी वाट एकत्र बसून ठरवावी लागते. जुने नैसर्गिक ओघळ कुणी बुजवले असतील तर ते आधी मोकळे करा. कितीही जिप्सम घातलं तरी बुजलेल्या ओघळाचं काम ते करणार नाही.

आता दोषाचं. नोकरीत असताना शिरोळच्या एका रानात मी खड्डा घेतला होता. सकाळची वेळ. वर पायाखाली पापुद्रा मीठ सांडल्यासारखा चुरचुरत होता. दोन फुटांवर खोऱ्याला चिखल लागला आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत खड्ड्यात पाणी वीतभर चढलं होतं. रानाचा मालक काठावर बसून नुसता बघत होता. त्यानं ते पाणी बोटानं जिभेला लावलं, थुंकलं आणि म्हणाला, “ह्यात मी आजून पाणी पाजतूय.”

शास्त्राला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहून ठेवलं होतं. कालव्याचं पाणी आलं आणि काही वर्षांत तिथल्या जमिनी फुगायला लागल्या होत्या. हरितक्रांती हा शब्दही रूढ व्हायच्या आधी, १९६८ च्या जानेवारीत, वाराणसीच्या सायन्स काँग्रेसमध्ये एम. एस. स्वामिनाथन यांनी बजावलं होतं की निचऱ्याची सोय न करता पाणी देत गेलो तर जमिनी खारवट-चोपण होतील. नव्या जाती देशात पसरवणाऱ्यांतला प्रमुख माणूस हे बोलत होता. म्हणजे ज्ञान होतं. पण ऊस पिकाच्या चाचणीच्या वहीत ‘हेक्टरी टन’ होतं, ‘दहा वर्षांनी पाण्याची पातळी’ नव्हती. चाचणी तीन हंगामांची. जमीन बिघडायला पंधरा-वीस वर्षं लागतात. किती काळ बघायचं, हाही मूल्याचाच प्रश्न आहे. तीन हंगामांत जे दिसत नाही ते तुमच्या मुलाच्या वाट्याला येतं.

दुसरं, भागिले कशानं करायचं? आपल्याकडं सगळं ‘एकरी’ चालतं. एकरी शंभर टनांच्या घोषणा तुम्ही ऐकल्याच असतील. जमीन थोडी आणि पाणी भरपूर, असं धरलं तरच एकरी हा हिशेब बरोबर. तेच उत्पन्न पाण्यानं भागलं, हजार लिटरला किती रुपये, तर उसाचं पाऊल मागं पडतं आणि हरभरा-शाळूचं पुढं येतं. आणि पाणीपट्टीही बऱ्याच ठिकाणी एकरावरच घेतात. मग मोटर चालू ठेवून घरी जाणाऱ्याला आणि सरी भरताच पाणी तोडणाऱ्याला सारखाच आकार. हिशेबच तसा बांधलाय.

खताचंही तेच. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. एकरी १६० किलो झालं, म्हणजे युरियाची पावणेआठ पोती. शिफारशीत हप्ते आहेत, शेणखत आहे, माती परीक्षणाची अट आहे. पण रानापर्यंत पोचेपर्यंत अटी गळतात आणि पोती उरतात. टन कमी पडेल या भीतीनं आणखी तीन पडतात. शास्त्र लिहिणाऱ्यानं अटी लिहिल्या म्हणून त्याची जबाबदारी संपली असं मी मानत नाही. शिफारस कुणाच्या हातात, कुठल्या कर्जाखाली आणि कुठल्या भीतीत वापरली जाणार आहे, हे धरून ती लिहायला हवी. मीही तशी लिहिली नाही. तुम्ही दोष कुणाचा विचारलंत, म्हणून माझ्या वाट्याचा मी सांगितला.

दीड एकर सुधारायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर चांगल्या दीड एकरावर ऊसच धरून बसू नका. एक हंगाम तरी हरभऱ्याचा बिवड द्या.

प्रश्न : एवढं सगळं बघता रासायनिक शेती एका झटक्यात बंद करून सगळ्यांनी नैसर्गिक शेतीच का करू नये?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : झटक्यात नको. श्रीलंकेनं २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचं पीक घसरलं, चहा अडचणीत आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागं घ्यावी लागली. हवेतल्या नत्रापासून कारखान्यात खत करायची वाट १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी शोधली, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न त्या नत्रावर उभं आहे, असा अंदाज धरला जातो. हे पाय एका दिवशी काढून घेता येत नाहीत.

माझी खरी हरकत वेगळी आहे. एकाच द्रावणाचा एकच काढा गगनबावड्याच्या तांबड्या उतारापासून शिरोळच्या काळ्या रानापर्यंत सगळ्यांना सांगितला जातो, तेव्हा मला आमचीच जुनी चूक दिसते. आधी पोत्याचा एकच आकडा होता, आता बॅरलचा. जमीन कुठली, पाऊस किती, घरात जनावर आहे का, हे कुणी विचारत नाही. देशात १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. त्यातून ठिकठिकाणी दिसलं की नुसत्या नत्रावर उत्पादन हळूहळू उतरतं आणि संतुलित खताला शेणखताची जोड असेल तर टिकतं. पन्नास वर्षं एकाच तुकड्याकडं बघत बसण्याचा धीर ज्या शास्त्रानं दाखवला, ते शास्त्र मला जवळचं वाटतं. तुमच्या घरी जनावर असेल तर शेणापासून सुरुवात करा, उसाचं पाचट जाळू नका, आणि पोती वर्षाला एक-दोननं कमी करत जाऊन पीक काय म्हणतं ते बघा.

प्रश्न : शेती मी बघते. नवरा कारखान्यात कामाला. पण प्रशिक्षणाचं बोलावणं त्यांच्या नावानं, माती परीक्षणाचा कागद त्यांच्या नावानं. परवा एक साहेब आले, बांधावर मी उभी असताना विचारलं, मालक कुठायत? यात शास्त्राचा काही संबंध आहे का, की हे आपलं समाजाचंच?
— एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : ताई, तुम्ही सही ‘शेतकरी’ अशी केलीत, ते बघून बरं वाटलं. कागदाचं आधी. लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याच्या संमतीनं अर्ज दिला की सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडं दोघं मिळून जा. आणि २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं शेतकरी कुणाला म्हणायचं ते फार मोकळेपणानं लिहिलं आहे. कसणारे, वाटेकरी, शेतमजूर, जनावरं पाळणारे, सगळे त्यात येतात. सातबारा हातात असणं ही त्याची अट नाही. पुढच्या वेळी कुणी मालक विचारले तर सरळ सांगा, बोला, मीच आहे.

आता शास्त्राचा संबंध. तो फार आतपर्यंत आहे. तणाचंच घ्या. आम्हाला शिकवलेली व्याख्या अशी : तण म्हणजे नको त्या जागी उगवलेली वनस्पती. तीस वर्षं मी ती परीक्षेत विचारत आलो. ‘नको’ कुणाला, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या आईबरोबर लहानपणी उसाच्या लागणीत भांगलायला जायचो. ती ओळीनं पुढं सरकायची आणि तिच्या ओट्यात दोन भाग असायचे. एका बाजूला म्हशीला घालायचं गवत, दुसऱ्या बाजूला तांदुळजा, पाथरी, घोळ, आणि आषाढात कुरडू. पाथरी ती मुळासकट उपटायची नाही. दोन पानं मागं ठेवून खुडायची, कारण पुढच्या फेरीला परत यायचंय. रात्री भाकरीबरोबर तीच भाजी. घरात पोरगी बाळंतीण असली की कुठली पालेभाजी चालते, कुठली नाही, हे तिला पाठ होतं. तिच्या एका भांगलणीत तण काढणं, वैरण, भाजी आणि औषध अशी चार कामं होती. आमच्या चाचणीत त्याला ‘खुरपणी, प्रति हेक्टर इतके स्त्री-मजूर’ असं लिहिलं जायचं. तो खर्चाचा आकडा. मग टू-फोर-डी या तणनाशकानं तो खर्च किती वाचला हे आम्ही दाखवलं. रुंद पानाचं सगळं मेलं, म्हणजे भाजीच मेली, पण ती कुठल्याच रकान्यात नव्हती म्हणून तोट्यात धरलीच गेली नाही.

मी तुम्हाला वाकून भांगलत बसा असं सांगत नाही. कंबर मोडणारं काम आहे ते आणि आईची कंबर त्यातच गेली. ते कष्ट कमी व्हायलाच पाहिजेत. पण ज्यांचे कष्ट कमी करायचे त्यांना आधी विचारायला पाहिजे होतं की काय ठेवायचं आणि काय काढायचं. हातकोळपं कुणाच्या उंचीचं करायचं, फवारणीचा पंप भरल्यावर किती वजनाचा असावा, हेही तुम्हालाच विचारायचं. तो संशोधनाचा विषय आहे, समाजकार्याचा म्हणून बाजूला ठेवायचा नाही.

प्रशिक्षणाला बोलावणं येवो न येवो, तुम्ही जा. जाताना शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन जा आणि पुढच्या बाकावर बसा.

प्रश्न : तुम्ही स्वतःच्या शेतात काय मोजता?
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर शहर

उत्तर : गुरुजी, अडीच एकर आहे. एकरभर ऊस, बाकी भात, भुईमूग आणि थोडा शाळू. दाणा आणि टन मोजतोच, ते सोडलेलं नाही. त्याच्या शेजारी पिंजर आणि कडबा तोलतो. मोटर किती तास चालली ते लिहितो, कारण पाणीपट्टी एकरावर असली तरी विहीर एकरावर भरत नाही. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एक खोरं माती उलटी करून गांडुळं मोजतो. पाचट ठेवलेल्या सरीत आणि न ठेवलेल्या सरीत त्यांचा फरक डोळ्यांना दिसतो, मोजायचीही गरज पडत नाही, तरी मोजतो. भरणीला आलेल्या माणसांनी दिवसभर किती वेळा बसून पाणी प्यायलं, तेही एक वर्ष लिहिलं. त्यावरून कामाची वेळ सकाळी लवकर घेतली.

वही मीच आखतो. शेऱ्याचा रकाना आता पानाच्या मधल्या घडीपर्यंत येतो आणि तो दोघं मिळून भरतो. मागच्या आठवड्यातली नोंद बायकोच्या अक्षरात आहे : ‘खालच्या बांधाला पाथरी आली. दोन जुड्या शेजारी दिल्या. वरच्या सरीत वाफसा नाही, सोमवारपर्यंत थांबा.’